फाट्यावरचा लाईट आणि न पिकणारं सोयाबीन

"थैलीत दोन जाती भरल्या कंपनीनं! पाहा तुमीच!" नामदेवराव माझ्यापुढे सोयाबीनची दोन झाडं नाचवत होते. एक वाळलेलं, शेंगांनी लगडलेलं. दुसरं कमरेच्या वर गेलेलं, हिरवंगार, शेंगा नावाला.

मी कृषी अधिकारी. बियाण्याची तक्रार आली की शेतात जाऊन पाहणी करायची, हे माझं काम. देऊळघाटच्या शिवारात सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली होती आणि नामदेवरावांच्या वावराचा रस्त्याकडचा तुकडा मात्र पोळ्याला होता तसाच हिरवा उभा होता. माणूस तापट, पण चहा पाजल्याशिवाय भांडण सुरू न करणारा. मला ते पहिल्या कपातच आवडले.

बियाण्यात भेसळ असती तर हिरवी झाडं वावरभर विखुरलेली दिसली असती. ही सगळी एकाच जागी होती आणि त्या तुकड्याची कड गोलाकार होती. मी मधोमध उभी राहिले आणि वर पाहिलं. बांधापलीकडे, फाट्यावरच्या खांबावर भलामोठा एलईडी.

"हा लाईट कधी लागला?"

"पेरणीच्या आंधी," त्यांच्या पत्नी कमलाबाई ऐटीत म्हणाल्या. "मीच लावाले लावला. ग्रामपंचायतीत चकरा मारू मारू चपला झिजल्या माह्या."

त्यांची ऐट मोडायची माझ्या जिवावर आलं. पण सांगणं भाग होतं. सोयाबीन रात्रीच्या लांबीवरून हंगाम ओळखतं. रात्र लांब आणि सलग काळोखी मिळाली की ते फुलं धरतं, शेंगा भरतं आणि मग पानं गाळतं. इथे धड रात्रच होत नव्हती. अजून मोठे दिवस चालू आहेत असं समजून ती झाडं बिचारी वाढतच राहिली.

नामदेवराव बायकोकडे वळले. "म्हंजे कंपनी नाही, तू!"

कमलाबाई पदराला हात पुसत राहिल्या.

"उद्याच काढाले लावतो तो लाईट," ते म्हणाले.

मी बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला.

"मॅडम, बियाणं चांगलं की खराब, तेवढं सांगा."

"चांगलं आहे, सर."

"मग दोष कुणाचा?"

"उजेडाचा."

"रिपोर्टमध्ये जरा नीट लिहा," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

खात्री करायला मी दिवेलागणीपर्यंत थांबले. लाईट लागला. लख्ख उजेड जिथे संपत होता, तिथेच हिरवं पीक संपत होतं. नामदेवरावांनीही मान डोलावली. तेवढ्यात बुलढाण्याहून एसटी आली. त्यांची मुलगी प्रतीक्षा नर्सिंग कॉलेजमधून परत आली होती. तिच्यामागून गावातल्या आणखी दोघी उतरल्या. तिघी हसत-खिदळत, कसलीही घाई न करता रस्त्याने चालत आल्या.

नामदेवराव बघत उभे होते.

"आंधी पोरीले आनाले तिची माय रोज टार्च घेऊन फाट्यावर उभी राहे," ते मला हळूच म्हणाले. मग बायकोकडे वळून मोठ्यांदा, "राहू दे वं तुहा लाईट! सोयाबीन नाही पिकलं त म्हशीले चारू."

कमलाबाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले. खरं तर खांबावर आडोसा बसवायचं सुचवायला मी तोंड उघडलंच होतं. पण माझ्याआधी नामदेवराव बोलले, ते बरंच झालं.

नंतर माझ्या सांगण्यावरून ग्रामपंचायतीने लाइनमनकडून लाईटला शेताच्या बाजूने पत्रा बसवून घेतला. उजेड रस्त्यावर राहिला, वावर अंधारात गेलं. पुढच्या हंगामात पीक बांधापर्यंत एकसारखं पिवळं झालं. त्या वर्षीचा हिरवा तुकडा मात्र खरंच म्हशीने खाल्ला.

तेव्हापासून बियाण्याची तक्रार आली की मी एक प्रश्न जास्तीचा विचारते. पीक दिवसा पाहून भागत नाही. त्याची रात्र कशी जाते, तेही विचारावं लागतं.