स्वतःची चूक

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजात होटगीहून एक अंध विद्यार्थिनी एकदाच आली होती. मी बनवलेली ऑनलाइन चाचणी अंध विद्यार्थ्यांना जमते का, ते तिच्याकडून तपासून घ्यायचं होतं. कानाला हेडफोन लावून, पडद्यावरचं वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज ऐकत, मान तिरकी करून ती भराभर कळा दाबत होती. मध्येच थांबली.

"सर, किती वेळ उरला ते ह्यो सारखा मधीच सांगतोय. प्रश्न तरी ऐकू द्या की!"

मी वेळेची ती सूचना बंद केली. तिने चाचणी पूर्ण केली, तेव्हा एक उत्तर चुकलेलं निघालं. मी ओशाळून तिला सांगितलं, तर ती खुदकन हसली.

"परीक्षेत आजवर मी सांगायची, लेखनिक लिहायचा. चूक त्याची का माझी, कळायचंच न्हाय. ही माझीच हाय!"

चुकल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.