पिल्लांवरची मरळ

मामू चिडले की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून पलीकडं जायची. ते गेले तरी माझा त्यांच्यावरचा राग गेलेला नाही. कुणी त्यांना 'दिलदार माणूस' म्हटलं की माझं डोकं फिरतं. होते दिलदार. पण माशांसाठी!

एसटीतून रिटायर झाल्यावर लोहाऱ्यातल्या घरामागं त्यांनी तळं खणलं. त्यात विकतचं मत्स्यबीज सोडायचं नाही, हा हट्ट. उन्हाळ्यात गावाबाहेरचा तलाव आटू लागला की चिखलात उतरायचे आणि हातानं मरळ मासे धरून, ओल्या पोत्यात घालून स्कूटरवरून आणायचे. "पोतं ओलं ठिवायचं बस्स. मरळ हवेवर जगती, लई चिवट जात," म्हणायचे. मामी करवादायची, "घरात हंडाभर पाणी न्हाय, अन् माशांना टँकर!" मामूंच्या अंगावरची माशी हलायची नाही.

नियम एकच. पिल्लांवरची मरळ धरायची नाही. पावसाळ्यात मरळीची पिल्लं तांबूस घोळका करून पाण्यावर फिरतात आणि खाली नर-मादी पहारा देतात. त्या वेळी त्यांना पकडणं सोपं, कारण पिल्लं सोडून ती पळत नाहीत. "आई-बाप उचलले की बाकीचे मासे पोरं खाऊन साफ करत्यात," मामू सांगायचे.

आता हे बिचाऱ्या जावयाला काय ठाऊक? मामूंची एकुलती एक लेक नसीम कळंबला दिलेली, जावयाचं तिथं भुसार दुकान. पावसाळ्यात दोघं आली, तेव्हा सासऱ्याला खूश करावं म्हणून हा तलावावरून मरळीची जोडी घेऊन आला.

मामूंनी विचारलं, "वर पिल्लं होती का?"

तो हसत म्हणाला, "होती की! म्हणून तर झटक्यात घावली."

झालं! भर अंगणात, शेजाऱ्यांदेखत मामूंनी जावयाला अरे-तुरे केलं. "काळीज हाय का न्हाय रे तुला? जा, जिथनं आणली तिथं सोडून ये!" ताटात बिर्याणी वाढलेली. जावई उपाशी उठला आणि नसीमला घेऊन गेला. अहो, जावयाला कुणी असं बोलतं?

ईद आली नि गेली, नसीम आली नाही. मामी रडून रडून म्हणायची, एक फोन करा. मामू उसळायचे, "माफी म्या मागू? त्यानं त्या पिल्लांची मागावी!" शेवटी मीच भडकलो. "मामू, माशाच्या पोरांची एवढी माया, अन् स्वतःची पोरगी वाऱ्यावर सोडली तुम्ही!" त्या दिवशी ते माझ्यावर ओरडले नाहीत. उठून तळ्याकडं गेले.

त्याच हिवाळ्यात मामू गेले. जावयानं जनाज्याला खांदा दिला. घरी परतलो तर नसीमचं एकच चाललेलं, "अब्बांनी एकदा तरी यायचं होतं."

जावई मान खाली घालून म्हणाला, "आले होते. मागच्या महिन्यात. इस्त्रीचा शर्ट घालून दुकानासमोर लई वेळ उभे होते. मी बघितलं."

"मग?" मी विचारलं.

"म्हटलं, आधी त्यांनी बोलावं."

मी त्याची गचांडी धरली. मामी मध्ये पडली.

"सोड त्याला," ती म्हणाली. "तेबी तसलेच अन् ह्योबी तसलाच. दोघांनी मिळून माझ्या पोरीचा बाप घालवला."