टँकवरची खडूची धूळ

आमच्या शोकेसमध्ये एक टँक आहे. प्लास्टिकचा, वीतभर लांब. त्याची डावी बाजू लख्ख हिरवी आहे आणि उजवी धुळीने, गंजाने माखलेली. पाहुणे विचारतात, हे असं अर्धवट का ठेवलं? मी म्हणतो, वेळ मिळाला नाही. तेवढ्यात बायको चहाचे कप उचलून आत निघून जाते.

बा माझे टँकचे ड्रायव्हर होते. बोरगावहून भरतीला गेले आणि सगळी नोकरी राजस्थानच्या वाळूत काढून परत आले, मग संत्र्याच्या बागेत रमले. फौजेबद्दल ते बोलत नसत. लढाई पाहिली की नाही, हेही मला नक्की माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, "गाडी चालोली, दुसरं काय." टँकला ते कधी टँक म्हणाले नाहीत. गाडीच म्हणायचे.

फौजेतून त्यांनी घरी दोनच गोष्टी आणल्या. एक फोटो आणि एक सवय. फोटो बोरगावच्या घरात देव्हाऱ्याशेजारी टांगलेला असायचा. त्यात टँकच्या पुढ्यात बा उभे, पोरसवदा, मिशीसुद्धा धड न फुटलेले, आणि मागे तोफेच्या नळीला झेंडूचा हार. सवय नवमीची होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पूजतात. लोक पाण्याचा हात फिरवतात, हळदकुंकू लावतात आणि मोकळे होतात. आमच्या घरी तसं चालायचं नाही. बा पहाटे उठून विळे, कुऱ्हाड, फावडं, नटबोल्टचे पाने, आईची विळी, सगळं अंगणात मांडायचे. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने एकेक वस्तू पुसायची, मग तिला जवसाच्या तेलाचा हात. गंजाचा एक ठिपका दिसला तरी काम परत पहिल्यापासून. "मळक्या हत्याराले हळद लावू नये," म्हणायचे. हाताखाली अर्थात मी. दिवसभर हातांना डिझेलचा वास यायचा आणि पुरणपोळी त्याच हातांनी खावी लागायची. मी मनातल्या मनात त्यांना नाही नाही ते बोलत असे.

आई गेल्यावर त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग बागेचा रस्ता, मग माणसं. मी पांढुर्ण्याला मास्तर. त्यांना बोरगावहून इकडे घेऊन आलो. नागपूरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं की, गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं सांभाळा. एका संध्याकाळी मी शाळेतून आलो तर बा ओट्यावर बसले होते. हात जोडून म्हणाले, "या जी. तुमी कोनाच्या घरचे?"

मला ते आयुष्यभर बाबू म्हणाले होते. माझी पन्नाशी उलटली तरी चारचौघांत बाबूच. पोरांसमोर लाज वाटायची. त्या दिवसापासून मी जी झालो. खरं सांगतो, मला तेवढंच पाहिजे होतं. औषधाने गुण यावा, त्यांना बागेचा रस्ता आठवावा, असली मोठी मागणी नव्हती माझी. मरण्याआधी एकदा बाबू म्हणावं, बस.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना घेऊन तिगावला एका लग्नाला गेलो होतो. येताना रेल्वेचं फाटक बंद मिळालं. मालगाडी होती, लांबच लांब. उघड्या डब्यांवर ताडपत्री बांधलेले टँक चालले होते. बा मागच्या सीटवर पेंगत होते. ते एकदम ताठ बसले आणि काचेवर बोट ठेवून म्हणाले, "गाड्या चालल्या." शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांच्या डोळ्यांत जी ओळख होती, ती माझ्या वाट्याला वर्षभर आली नव्हती. मालगाडीचा हेवा वाटण्याची ती माझी पहिलीच वेळ.

तिथून हे खूळ डोक्यात शिरलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा विमानांची मॉडेलं जोडायचा. त्याच्याकडून माहिती काढली आणि बा चालवायचे त्याच जातीच्या टँकचा किट मागवला. डबा उघडला तर आत नुसत्या चौकटी, आणि चौकटींना लटकलेले तीनशेच्या वर बारीक तुकडे. एकेक तुकडा कापायचा, कानशीने घासायचा, चिकटवायचा. चाकांवरच्या पट्ट्याची एकेक कडी वेगळी. माझा हात खडूचा, चिमट्याचा नव्हे. पहिल्या आठवड्यात एक चाक जमिनीवर पडलं ते केरसुणीने थेट कचऱ्यात नेलं, आणि आम्ही दोघं नवराबायको अंगणात कचरा चिवडत बसलो. ओट्यावरून बा बघत होते. "काय हारपलं जी?" म्हणाले.

जोडून, हिरवा रंग देऊन झाला तेव्हा टँक खेळण्यासारखा दिसत होता. जत्रेतून आणल्यासारखा. किटसोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं की खरी मजा पुढेच असते. त्याला वेदरिंग म्हणतात. गाडी ऊन, वारा, माती खाऊन आलेली दिसली पाहिजे. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून कडांवर टेकवायचा, की रंग उडाल्यासारखा दिसतो. पातळ केलेला रंग खाचांत सोडायचा, की वर्षांची घाण साचल्यासारखी वाटते. गंजाला मी गेरू वापरला. धुळीला आधी बोरगावची माती आणून चाळली, पण ती पडली काळी कापसाची. राजस्थानात ती कुठून असणार? शेवटी शाळेतले पिवळे आणि पांढरे खडू कुटले, मलमलीतून गाळले आणि ब्रशने टँकवर बसवले. अगदी वाळवंट उतरलं.

बायको कपाळावर हात मारायची. "लोकं जुन्याचं नवं करतेत. तुमी बाप्पा नव्याचं जुनं करून राहिले!"

"बांची गाडी अशीच होती."

"तुमी पाह्यली होती?"

पाहिली होती की, फोटोत. तो फोटो मी बोरगावहून आणून टेबलावर ठेवला होता. त्याच्याकडे बघूनच सगळं चाललं होतं. फोटोत टँकच्या घुमटावरून खाली एक तपकिरी ओघळ आला होता, पुढच्या पत्र्यावर पिवळसर डाग होते. मी भिंग लावून ओघळ न् ओघळ उतरवला. उजव्या बाजूच्या एका डागापायी तर सबंध रविवार घालवला. तीन महिने गेले यात. वर्गातल्या पोरांच्या वह्या तपासायच्या राहिल्या, बांजवळ बसायचं राहिलं. बांसाठीच तर करून राहिलो, असं मी स्वतःला सांगत होतो. शेजारच्या खोलीत बा एकटे बसलेले असायचे आणि मी इकडे त्यांच्या गाडीला गंज लावत असायचो.

मुहूर्त नवमीचाच धरला होता. सकाळी त्यांची आंघोळ झाली की हत्यारांच्या मांडणीत मधोमध टँक ठेवायचा आणि त्यांना पाटावर आणून बसवायचं. धूळ पक्की करणारा शेवटचा थर द्यायचा राहिला होता, पण म्हटलं, तो दुपारी देऊ. आदल्या संध्याकाळीच विळे, कुऱ्हाड, पान्यांचा डबा अंगणात पाटाजवळ आणून ठेवला. डिझेलची बाटली ठेवली, फडकी ठेवली. टँक पाटावर ठेवून त्याच्यावर टोपलं पालथं घातलं. बांनी शिकवल्याप्रमाणे सगळं जिथल्या तिथे ठेवलं.

सकाळी मला जाग आली ती डिझेलच्या वासाने.

बा अंगणात उकिडवे बसले होते. वर्षभरात कोणी हाताला धरल्याशिवाय न उठलेला माणूस. डाव्या हातात टँक होता. काडीला फडकं गुंडाळून ते ड्रायव्हरच्या झाकणाच्या फटी पुसत होते. त्याआधी डावी बाजू पूर्ण झाली होती. धूळ गेली होती, गेरू गेला होता, खाचांतली घाण गेली होती. खालचा हिरवा रंग तेल लावल्यासारखा चमकत होता. समोर फडक्यांचा ढीग, माझ्या खडूने पिवळा झालेला. हात कापत नव्हते त्यांचे. एरवी भाताचा घास तोंडापर्यंत नेताना अर्धा सांडायचा.

हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा फक्त तीन महिने दिसले.

"बा! काय करून राहिले तुमी हे!" मी ओरडलो. घरातल्या आवाजात नव्हे, शाळेतल्या. मैदानाच्या टोकावरची पोरं गप्प होतात त्या आवाजात. "कोणी सांगतलं होतं तुमाले? सत्यानाश करून टाकला सगळा!"

बा उठले. टँक अलगद पाटावर ठेवला, हात न टेकता उठले, आणि टाचा जुळवून उभे राहिले. छाती पुढे, हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले. एका मुठीत फडकं होतं. त्यातून डिझेल पायजम्यावर ठिबकत होतं.

"गलती हो गई, साब," बा म्हणाले. "गाडी गंदी थी, साब."

बायको पदराला हात पुसत धावत आली. "अहो, बसवा ना मामाजीले! गुडघे पाहा त्याईचे." तिने सासऱ्यांचा दंड धरून त्यांना खाली बसवायचा प्रयत्न केला. ते हलले नाहीत. नजर सरळ माझ्या डोक्यावरून पलीकडे, भिंतीवर.

मला कळलं होतं. रोज प्रार्थनेला तीनशे पोरांना सावधान-विश्राम मीच म्हणतो, मला नाही कळणार? पण राग उतरला नव्हता. म्हणून मी त्यांना तसंच उभं ठेवलं. दोन श्वास असतील, तीन असतील. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. सत्तरी ओलांडलेला माझा बाप माझ्यापुढे सावधानमध्ये उभा होता.

मग म्हणालो, "विश्राम."

डावा पाय बाजूला गेला, हात पाठीमागे गेले. चेहरा सैल पडला. आता ते माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात भीती नव्हती. काम चांगलं जमलेल्या माणसाला ते कोणाला तरी दाखवायचं असतं, तसं काहीतरी होतं. ते वाकले, टँक उचलून त्याची मळकी बाजू माझ्याकडे धरली.

"दूसरा साइड बाकी है, साब. करूँ?"

एवढं वाक्य त्यांच्या तोंडून दीड वर्षात आलं नव्हतं. मी साहेब असेन, बाबू नसेन, पण माणूस समोर होता, जागा होता, मला काहीतरी मागत होता. मला फक्त हो म्हणायचं होतं. फार तर शेजारी बसून दुसरं फडकं हातात घ्यायचं होतं, लहानपणी घ्यायचो तसं. त्या घटकेला मी त्यांच्या हातातल्या टँकची उजवी बाजू पाहिली. रविवारभर बसून काढलेला डाग तिथे शाबूत होता. निदान एवढी तरी वाचली, असं मनात आलं.

"रहने दो," मी म्हणालो.

"जी, साब."

त्यांनी टँक पाटावर ठेवला. फडक्याची नीट चौकोनी घडी केली आणि पाटाच्या कडेला ठेवली. बायकोने हात धरला तेव्हा मुकाट्याने तिच्याबरोबर आत गेले. पूजेला बसवलं तर माझ्याकडे बघून हात जोडले. "तुमी कोनाच्या घरचे जी?"

दसऱ्याला सोनं द्यायला वाकलो तेव्हाही मी जीच होतो. त्यानंतर मी टँक कितीदा तरी त्यांच्यापुढे ठेवला. सोबत फडकं ठेवलं, डिझेलची वाटी ठेवली. शाळेतल्या आवाजात म्हणालो, "दूसरा साइड करो." ते वाटीकडे बघायचे, मग माझ्याकडे, पाहुण्याकडे बघावं तसे. एकदा वाटी तोंडाला लावायला गेले, तेव्हा बायकोने ती हिसकावून घेतली आणि मला म्हणाली, "पुरे करा आता." पौषात बा गेले.

नंतर फोटोची काच बदलायला तो चौकटीतून बाहेर काढला. उजेडात धरला तेव्हा दिसलं की तो तपकिरी ओघळ घुमटावरून निघून बांच्या खांद्यावरून, गालावरून, पार खाली वाळूपर्यंत गेला होता. बोरगावच्या भिंतीची ओल होती ती. डागही ओलीचेच. त्यांच्याखालची गाडी पुसून लख्ख केलेली होती, नळीला हार होता. हार घातलेली गाडी बा मळकी ठेवतील का, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नव्हता.

यंदाच्या नवमीला मी विळे, कुऱ्हाड, पाने पुसले, तेल लावलं. बायकोने शोकेसमधून टँक आणून पाटावर ठेवला, शेजारी फडकं ठेवलं. म्हणाली, "मळक्या हत्याराले हळद कशी लावू? पुसून टाका न् ते बाजू."

फडकं हातात घेतलं. मग त्याची चौकोनी घडी केली आणि पाटाच्या कडेला ठेवून दिली. त्या सकाळी नको म्हणणारा मीच होतो. तिने धुतलेल्या बाजूला हळद लावली.