जपान की आक्काचं घर?

मंडळी, आज दुपारी मी आणि बायको सुनीता चिंचवडच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात जपानच्या टूरचं बुकिंग करायला गेलो होतो. चाकणच्या कंपनीतून मी नुकताच रिटायर झालो. जपान बघायचं हे सुनीताचं लग्नाआधीपासूनचं स्वप्न.

फॉर्म भरत होतो, तेवढ्यात लंडनहून थोरल्या बहिणीचा, आक्काचा फोन आला. गुडघ्यांमुळे तिला आता इकडे येणं जमत नाही.

"बाळू, यंदा तरी येशील का रे?" एवढंच म्हणाली.

फोन ठेवला, पण माझ्या हातून सही होईना. सुनीतानं ते पाहिलं.

"तुम्ही आक्कांकडे जा," ती शांतपणे म्हणाली.

"आणि जपान?"

"मी जाते की विमलला घेऊन. आता मन मारून तुमच्याबरोबर लंडनला आले, तर जन्मभर तुम्हाला ऐकवत बसेन."

तिथूनच तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. "विमल, पासपोर्ट आहे ना तुझा? मग चल!"

तीस वर्षांत आम्ही कधी वेगवेगळे फिरलो नव्हतो. आधी जरा लागलं मनाला. पण फोनवर ती कॉलेजातल्या पोरीसारखी हसत होती, ते ऐकून बरं वाटलं.

तुमच्यापैकी कुणी नवरा-बायको असे वेगवेगळ्या देशांत गेलेत का? करमलं का हो?