सूनबाईच्या अंगणातली ओल

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि चूक दिसली की मला राहवत नाही. लग्नाच्या पत्रिकेतल्या चुकासुद्धा मी पेनानं दुरुस्त करून ठेवते. तर अशा माझ्याकडे शिकवणी लावली ती माझ्या आईनं.

आईचा विदर्भात कारंजा गावाजवळ भाजीचा मळा आहे. माझा भाऊ आयर्लंडला नोकरीला गेला आणि त्यानं तिथल्याच मुलीशी लग्न केलं. दोन वर्षं झाली, पण सासू-सुनेचं बोलणं सगळं भावाच्या तोंडून. आई पाच मिनिटं बोलायची आणि तो तिकडे एका वाक्यात उरकायचा. एकदा फोन ठेवल्यावर आईचे डोळे भरून आले. "तिनं मले मुकीच समजलं असन वं," ती म्हणाली. "माह्या सुनेशी मले माह्या तोंडानं बोलाचं हाय."

मी म्हटलं, तिकडची माणसं हवामानावरून बोलणं सुरू करतात, आपणही तिथूनच सुरू करू. संध्याकाळी आई उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधायची आणि मी समोर बसून शिकवायचे. 'इट इज रेनिंग.'

"हे इट कोन?"

"कोणी नाही. नुसतं म्हणायचं."

"कोनीच नाही त पानी कोन पाडून राह्यलं?"

जोराच्या पावसाला 'बिग रेन' नाही, 'हेवी रेन' म्हणायचं, हे सांगितल्यावर तर तिनं जुडी खाली ठेवली. "जड पाऊस? तोलून घेतेत काय तिकडं?" मी कपाळावर हात मारला. शेवटी मी तिला बजावलं, की सून 'लव्हली डे' म्हणाली की आपणही 'लव्हली' म्हणायचं आणि हसायचं. जास्त खोलात जायचं नाही, ते नुसतं बोलायचं म्हणून बोलणं असतं.

"नुसतं कायले?" आईला हे काही पटलं नाही. आमच्याकडे फोनवर पहिला प्रश्न पाण्यापावसाचाच असतो, पण त्याचं उत्तर ऐकून माणूस फवारणी करायची की थांबायचं ते ठरवतो.

रविवारी दुपारी आम्ही व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती आणि भाऊ झोपलेला होता. आईनं पदर सारखा केला आणि एका दमात म्हणाली, "गुड मॉर्निंग. हाऊ इज द वेदर?" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

सूनबाई हसून म्हणाली, "अ बिट ऑफ रेन."

आता आईनं 'लव्हली' म्हणायचं होतं. पण ती फोनजवळ सरकली. "बिट? हाऊ मच?" सून गोंधळली. आईनं आपलं मातीनं काळं पडलेलं बोट फोनसमोर धरलं आणि एकेका पेरावर अंगठा ठेवून विचारलं, "सॉइल. धिस? ऑर धिस?" आमच्याकडे ओल अशीच बघतात, बोट मातीत खुपसून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फोन घ्यायला हात पुढे केला तर आईनं तो झटकला.

सूनबाईनं स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. मग उठली, फोन घेऊन सपाता घालून बाहेर गेली, रिमझिम पावसात वाकली आणि घरामागच्या वाफ्यात तिनं बोट खुपसलं. चिखलानं भरलेलं बोट तिनं आम्हाला दाखवलं. दोन पेरं ओल होती.

"टू! गुड, गुड!" आई टाळ्या पिटत ओरडली. "टुमॉरो नो वॉटर!"

त्यात क्रियापद नव्हतं, पण मी आयुष्यात पहिल्यांदा ते सोडून दिलं. सूनबाईनं मग वाफ्यातली कोथिंबीर दाखवली. ती दाटीनं उगवून पिवळी पडली होती. आईनं 'टू मच, टू मच' म्हणत ती विरळ करायला लावली, एकेक रोप बोटानं दाखवून. दोघी हसत होत्या आणि सूनबाईचे केस पावसानं कपाळाला चिकटले होते. मी बाजूला बसून डोळे पुसत होते.

वीसेक मिनिटांनी भाऊ डोळे चोळत दारात आला. "आई, ती काय म्हणते ते सांगू काय?"

"तू जाय, चहा ठेव," आई म्हणाली. "आमी बोलून राह्यलो."