आईने आज सोऱ्या शेजारणीला दिला

मंडळी, आज सकाळी आमच्या गच्चीवर जे झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

बाबा गेल्यापासून आईचा खांदा दुखतो. औषध चालू आहे, व्यायामही करते. पण कधीही विचारा, उत्तर एकच, "बरी आहे मी." आमच्या घरात "दुखतंय" म्हणणं कमीपणाचं समजतात, अगदी आजोबांपासून.

तरी यंदा तिने हट्टाने कुरडयांसाठी गहू भिजवले. दरवर्षी ती चीक शिजवायची आणि सोऱ्या बाबा दाबायचे. आज पहिल्याच कुरडईला तिचा हात अडला. चीक गार झाला की सगळं वाया जाणार! मी पुढे झाले तर म्हणाली, "राहू दे, जमतं मला."

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला शेजारच्या मिश्राभाभी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी विचारलं, "क्या हुआ दीदी?"

आईने सोऱ्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "दुखता है भाभी. हाथ भी दुखता है, और इनके बिना अच्छा भी नहीं लगता."

आम्हा मुलांना जे कधी सांगितलं नाही, ते तिने भर उन्हात, गच्चीवर उभं राहून सांगितलं.

भाभींनी बादली तिथेच ठेवली आणि सोऱ्या हातात घेतला. त्यांची पहिली कुरडई पार वाकडी आली. आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली, "इनकी भी ऐसीच आती थी!"

खांदा अजून दुखतोच आहे. पण आज मला माझ्या आईचा फार फार अभिमान वाटतोय.

तुमच्या घरात "दुखतंय" असं शेवटचं कोण म्हणालं होतं?