अंगणातलं उघडं इंजिन

आधीच सांगून टाकतो, मी गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्यातला नाही. धाकट्या भावाने, सुधीरने, बांधलेली मी दोनदा तोडून फेकली आहे. पस्तीस वर्षं लोखंडाशी खेळलोय... लोखंड तापतं, झिजतं, तुटतं, आणि त्याला कारण असतं. तेव्हा वेडा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी पूर्ण वाचा.

आम्ही झाशीचे. आजोबा रेल्वेत होते, भुसावळहून बदलून आले आणि इथलेच झाले. खंडेराव गेटजवळ घर. वडील, म्हणजे नाना, डिझेल शेडमध्ये फिटर होते. त्या आवाजात कान गेले, रिटायर होईपर्यंत ठार बहिरे. पण इंजिनची तब्येत त्यांच्याइतकी कुणाला कळत नसे. त्यांच्याकडे हातभर लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, होता. त्याचं टोक चालू इंजिनला टेकवायचे आणि लाकडी मूठ दातांत धरायची. डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहायचे आणि सांगायचे, दोन नंबरचा वॉल्व्ह सैल आहे. उघडून बघावं तर खरंच सैल! दातांनी ऐकणं म्हणजे काही चमत्कार नाही हं. कंप हाडातून जातो. जुने फिटर हे करायचेच.

सुधीरची जुनी पिकअप. मोठ नावाच्या गावच्या मंडीतून मटर, भाजी आणायची आणि झाशीत टाकायची, हा त्याचा धंदा. इंजिन पार थकलेलं. भरली गाडी चढावर नेली की काळा धूर आणि मागच्यांच्या शिव्या. म्हणून मी ठरवलं, त्यात मोठं इंजिन बसवायचं, सायलेन्सरचा पाइपही जाड टाकायचा, म्हणजे श्वास मोकळा होईल. मिस्त्री ओळखीचा, पण अक्कल सगळी माझी. हो, तेव्हा घमेंड होतीच.

अडचण एकच आली. जुन्या इंजिनचा धूर डावीकडून बाहेर पडायचा, नव्याचा उजवीकडून. म्हणजे पाइप ड्रायव्हरच्या बाजूने न्यायचा, आणि तिथूनच ब्रेकची नळी जाते. मी दोघांमध्ये बोट घालून पाहिलं. एक बोट जागा होती. मिस्त्री म्हणाला, “भैयाजी, इतना बहुत है।” मीही म्हटलं, बस्स झालं.

नाना आले. पेचकस लावला, दातांत धरला, मग खाली वाकून त्या पाइपकडे बघत म्हणाले, “हे इथनं नको.”

चार लोक उभे होते. मी चिडलो. हाताने कान दाखवून, मोठ्याने म्हणालो, “नाना, तुम्हाला ऐकू येत नाही. तुम्ही तिकडे बसा.” ऐकू नाहीच गेलं त्यांना. पण माझा हात दिसला, आणि लोक हसले तेही दिसलं. ते गुपचूप जाऊन बसले. त्यानंतर तीन आठवडे माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाईट वाटत होतं, पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

जुनं इंजिन अंगणात रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरवर ठेवलं होतं. नीट लक्षात घ्या, ते नुसतं खोकं होतं. पिस्टन काढलेले, क्रॅंक काढून मीच एकाला देऊन टाकलेला. हलेल असं आत काही उरलंच नव्हतं.

जानेवारीतला रविवार. सुधीर, त्याची बायको अलका आणि सात वर्षांची गुड्डी, तिघं मोठला ओळखीच्यांकडे मुंडनाला गेले होते. येताना मटरच्या गोण्या भरून आणायच्या होत्या. दुपारी तीनचा सुमार, छान ऊन पडलेलं. मी ओट्यावर पेपर वाचत होतो. नाना उठले, पेचकस घेतला आणि त्या उघड्या इंजिनला लावून मूठ दातांत धरली.

मनात म्हटलं, झालं, म्हातारा भ्रमिष्ट झाला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मग वळले, चेहरा पांढराफटक. तीन आठवड्यांनी माझ्याशी बोलले ते हे—

“ब्रेक जातोय त्याचा. थांबव त्याला.”

मी हाताने शांत व्हा म्हणून खुणावलं. त्यांनी पेचकस माझ्या हातात कोंबला. मूठ त्यांच्या थुंकीने ओली होती. मी ती पायजम्याला पुसली, आणि निव्वळ त्यांची समजूत काढायला दातांत धरली.

...मंडळी, माझे दात थरथरत होते.

हात कापत असेल म्हणून मी दोन्ही हातांनी पेचकस घट्ट धरला. थरथर चालूच. आणि ती जुन्या इंजिनची नव्हती. जुन्याचा तो लंगडा ठोका मी झोपेतही ओळखेन. ही एकसारखी, भरीव चाल होती. नव्या इंजिनची. मी स्वतः सेट केलेली. रस्त्यावर ट्रक जातोय का म्हणून गेटबाहेर धावत जाऊन पाहिलं. गल्ली रिकामी होती.

फोन लावला. सुधीर उचलेना. पुन्हा लावला. आता नानांनी पेचकस परत घेऊन दातांत धरला होता, माझ्याकडे पाठ करून. तिसऱ्यांदा अलकाने उचलला.

“अलका, सुध्याला सांग, गाडी गियरवर हळू कर. आत्ता. ब्रेकच्या भरवशावर राहू नकोस म्हणावं.”

ती म्हणाली, “काय झालं भाऊजी?” आणि मग मला सुधीरचा आवाज ऐकू आला, अरे, पेडल खाली जातंय... त्यानंतर गुड्डीचं रडणं, गियरची करकर, अलकाचं देवाचं नाव. मी फोन कानाला लावून नुसता उभा. माझ्या हाताने बसवलेला पाइप होता तो, दुसऱ्या कुणाच्या नाही. जगात एवढी एकच गोष्ट मला त्या क्षणी माहीत होती.

नानांनी हात वर केला. पाठ माझ्याकडेच.

“थांबली,” ते म्हणाले.

फोनवर अजून सगळा गोंधळ होता. एक श्वास गेला असेल, आणि मग अलका रडत म्हणाली, “थांबली हो भाऊजी, थांबली...”

वाटेतलं चिरगाँव लागायच्या जरा आधी, रस्त्याकडेच्या रेतीच्या ढिगात गाडी शिरली होती. कुणाला खरचटलंही नाही. दोन मिनिटांवर चिरगाँवचा बाजार होता. पुढचं मी बोलत नाही.

गाडी ओढून आणली. तापून, हादरून पाइप खाली आला होता आणि ब्रेकच्या नळीला चिकटून बसला होता. आतलं ब्रेक-ऑइल उकळलेलं, म्हणून पेडल पोकळ गेलं. मी नानांसमोर जाऊन चुकलं म्हणालो. ऐकू येणार नव्हतंच, म्हणून कान धरले. त्यांनी माझे हात खाली केले, मला गाडीखाली घेऊन गेले आणि म्हणाले, “आता चार बोटं ठेव.”

मी खूप विचार केलाय. पाइप चुकीचा आहे हे नानांना पहिल्या दिवशीच दिसलं होतं, तेव्हा ब्रेकची धास्ती मनात असणार. इथवर मी समजू शकतो. ती थरथरही एक वेळ माझा भ्रम धरा. पण ते ‘थांबली’? बहिरा माणूस, माझ्याकडे पाठ, आणि तेही अलकाच्या आधी?

नाना गेले त्याला दोन वर्षं झाली. भंगारवाला येतो, अंगणातलं इंजिन विकता का विचारतो, मी हाकलून देतो. सुधीर मोठला निघाला की मी पेचकस लावून बघतो. एकदाही काही जाणवलेलं नाही. थंड लोखंड, बस. सुधीर हसतो मला. हसू दे. त्याची गाडी गल्लीत वळेपर्यंत मी त्या इंजिनजवळून उठत नाही.